प्लास्टिकच्या डोळ्यातलं हाड

"वर बघा! छत्रीकडं बघा! सगळ्यांनी!"

बाबा असा ओरडला की आख्खी पोल्ट्री वर बघायची. कोंबड्या न्हवं, माणसं. कोंबड्या कवाच संपल्या. हातकणंगल्याच्या अलीकडं रस्त्याला लागून पोल्ट्रीचं एक बंद पडलेलं शेड हाय, तितं दर गुरुवारी खोबणीबाबाचा दरबार भरायचा. पत्र्याच्या मधोमध चांदीची छत्री टांगलेली, हुपरीत घडवून आणलेली. खाली ताडपत्रीवर माणूस नुसतं दाटलेलं. भिंतीत मुरलेला कोंबड्यांचा जुना वास आणि त्यावर गुलाबाची अगरबत्ती. ह्या दोन वासांचं लगीन लागलं की पोटातलं सकाळचं पोहं अक्षता टाकायला वर येतंय.

पाटावर एसटीचा एक कंडक्टर बसलता. डोळ्याला कुणाच्या तरी बॅगेचा कोपरा लागलाय, पाणी येतंय, एवढीच त्याची तक्रार. बाबानं अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढली आणि जीभ बाहेर काढली.

ही जीभ नीट सांगतो. मला ती जवळनं बघावी लागली, मग तुम्ही तरी का सुटावं? रुंद, पांढुरकी, तंबाखूचा मावा खाऊन कडेला तपकिरी झालेली, मधनं चिरलेली. ती जीभ त्या कंडक्टरच्या पापणीच्या आत शिरली आणि ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत फिरली, बासुंदीच्या वाटीचा तळ चाटावा तशी. त्याच्या आधी तीच जीभ एका म्हातारीच्या डोळ्यातनं फिरून आलती, पिवळा चिकट पू आलेल्या डोळ्यातनं. मधी धुणं न्हाय, पुसणं न्हाय. फक्त एक घोट दूध.

"निघालंऽऽ!"

बाबानं ओठातनं एक बारीक पांढरी किरची काढली आणि तांब्याच्या ताटलीत टाकली. टिंग!

"हाड! खोबणीचं फुटकं हाड! डाक्टर काय करतो? कातडं फाडतो, लोखंड घालतो. माझं हत्यार कुठलं? जीभ! देवानं दिलेलं! डोळा म्हंजे दिवा, खोबण म्हंजे देवळी. देवळी फुटली की दिवा हलतो. मी काय करतो? फुटकं काढतो, दिवा शांत!"

कंडक्टर डोळं मिचकावत म्हणला, "मोकळं वाटतंय की!"

वाटणारच. तुमच्या डोळ्यात कुणी जीभ घातली आणि मग ती बाहेर काढली, तर तुम्हाला बी मोकळंच वाटंल.

मी हे सगळं मिक्सरवरनं बघत होतो. मी दादासो. मंगळवार पेठेत माझा साउंडचा धंदा. लग्न, बारसं, फुटबॉलची फायनल, बाबाचा दरबार, जितं माईक लागतो तितं मी. त्या 'टिंग'वर इको टाकायची आयडिया माझीच. बाबा लई खूश झालता. म्हणला, "साउंडवाले, तुमच्या हातात शक्ती हाय." मी म्हणलं, "माझ्या न्हाय बाबा, मशीनच्या."

आणखी एक सांगून ठेवतो. माझा डावा डोळा प्लास्टिकचा हाय. ल्हानपणी विटी बसली. रंग उजव्याशी इतका जुळलाय की नवख्याला कळत न्हाय, त्यात कामावर मी काळा गॉगल घालतो. पेठेत मात्र ह्यो डोळा बदनाम. तो नवरदेवाच्या सरबतात सापडलाय. पत्त्याच्या डावात पणाला लागलाय. एकदा तर टेलरच्या टेबलावर ठेवून मी म्हणलं, "कापड मापात कापतोस का बघतोय ह्यो," आणि चहाला गेलो. त्या टेलरनं माझी पँट सांगितल्या दिवशी दिली. कोल्हापुरात असं कवा झालं न्हाय.

तर बाबाच्या कॉलरला माईक आणि माझ्या कानाला हेडफोन. लोकांना ऐकू जायचं ते मंतर. मला त्याच्या मागचं बी ऐकू यायचं. बाबाचं गिळणं, ढेकर, आणि एक आवाज. पडद्यामागं 'ध्यान' करून बाबा आला की सुरू व्हायचा. टक, टक, टक. दाताला बारीक खडं लागावं तसा. पहिल्या काही पेशंटला जास्त टकटक, मग कमी, मग एकदम बंद. बंद झाली की बाबा परत ध्यानाला! मला तवा त्यात गंमत वाटायची.

त्या गुरुवारी गंमत संपली. रांगेत मला माझी भाची दिसली.

अनुजा. चौदा वर्षांची. गोलकीपर. आमच्याकडं पोरं चालायच्या आधी बॉलला लाथ मारत्यात, आणि ही पोरगी तो बॉल अडवती. आदल्या दिवशी प्रॅक्टिसच्या मॅचमध्ये कॉर्नरला हिनं उडी मारली आणि समोरच्या पोरीचं कोपर हिच्या उजव्या डोळ्यावर बसलं. आता एका बाजूनं तिला तिची आई, म्हंजे माझी धाकटी बहीण वर्षाराणी, धरून आणत होती आणि दुसऱ्या बाजूनं आक्का, म्हंजे वर्षाची सासू, आमच्याच पेठेतली जुनी. पोरगी जमिनीकडं बघत चाललती. हातात ओकारीला धरलेली पिशवी.

मी मिक्सर सोडून पळालो. "वर्षा, हिला हितं का आणलंय? काल तर म्हणलीस, ऑपरेशन करणार म्हणून!"

वर्षानं नुसतं आक्काकडं बघितलं.

"मी न्हाय म्हणलं," आक्का म्हणल्या. "बघ की डोळा! सूज न्हाय, रगत न्हाय, पांढरा सपेद. ह्याला फ्रॅक्चर म्हणत्यात व्हय? हिच्या आज्ज्याचा हात मोडलता तवा भोपळ्यावानी सुजलता. मला शिकवाय लागलेत! आन् वर बघ म्हणलं की पोरगी ओकती. घाम सुटतोय. देव्हाऱ्यावरच्या फोटूकडं बघवंना तिला. देवाकडं बघवंना, दादासो! ह्यो काय हाडाचा रोग न्हवं. बाहेरचं हाय."

"डॉक्टर काय म्हणली?"

"प्रियदर्शनी मॅडम म्हणल्या, लगीच करायला पायजे," वर्षा म्हणली. "डोळा हलवायचा स्नायू हाडात अडकलाय. तसाच ऱ्हायला तर मरतोय म्हणं, आणि मग कायमचं दोन-दोन दिसतंय."

"मग?"

"हे ट्रकवर हायत, बेळगावच्या पुढं. फोनवर म्हणले, आक्का म्हणत्यात तसं कर."

आमचं दाजी अमरसिंह. बाराशे किलोमीटर ट्रक एकट्यानं हाणतील, पण आईच्या पुढं गिअर पडत न्हाय.

"चल, मी उचलतो तिला," मी म्हणलं. "तू आई हायस. तुझी सही पुरं."

"आणि काय कमीजास्त झालं तर, दादा? जन्मभर मलाच बोलत्याल."

आक्कानी माझ्या तोंडासमोर बोट नाचवलं. "ऑपरेशन केल्यावर काय हुतं ते माझ्यासमोर हुबं हाय की! तुझा डोळा डाक्टरनंच काढला न्हवं?"

माझ्या डोळ्याचं खरं असं हाय. विटी लागल्यावर आमच्या आईनं कुणा वैदूकडनं पाल्याचा रस आणला आणि रोज पिळला. डोळा सडला. त्यातनं ताप डोक्यात चढला, तवा कुठं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं माझा डोळा घालवला न्हाय, सडलेला काढून मला वाचवलं. पण लोकांच्या ध्यानात कात्री ऱ्हाती. पाल्याचा रस ऱ्हात न्हाय.

हे आक्काला सांगायच्या आत अनुजाचा नंबर पुकारला.

बाबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वर बघ बाळा. छत्रीकडं बघ."

पोरीनं बघायचा प्रयत्न केला. डावा डोळा वर गेला. उजवा तितंच, खाली, खिळा ठोकल्यावानी. दोन डोळं दोन दिशेला. तिचं तोंड पांढरं पडलं, कपाळावर घाम आला, आणि ती बाबाच्या पाटासमोर भडाभडा ओकली.

बाबा मागं सरकला. क्षणभर, फक्त क्षणभर, त्याच्या डोळ्यात मला भीती दिसली. आणि मग टेप सुरू झाली.

"बघा! बघा! देवाची छत्री सोसवंना हिला! हाड न्हाय हे, बाधा हाय! मैदानातली बाधा! पोरीच्या जातीनं तिन्हीसांजेला उघड्यावर, अर्ध्या चड्डीत नाचल्यावर दुसरं काय व्हणार? अमावस्येपत्तोर लोखंड लावायचं न्हाय. सुई बी न्हाय. लावलं तर डोळा गेला! रोज अंगारा डोळ्यात भरायचा. दुपारच्या बैठकीनंतर मंतरून देतो. आणि त्यो बॉल? विहिरीत!"

आक्कानी हात जोडलं. लोकांनी जयजयकार केला. मला मात्र तितंच उभ्या उभ्या शिसारी आली, आणि डोस्क्यात दिवा बी लागला. कंडक्टरला काय झालतं? काय बी न्हाय. त्याला म्हणं हाड मोडलंय. माझ्या भाचीचं खरंच हाड मोडलंय. तिला म्हणं बाधा! म्हंजे धडधाकट माणसाचं फ्रॅक्चर ह्यो बरं करणार, आणि खऱ्या फ्रॅक्चरला अंगारा. कारण धडधाकट माणूस घरी जाऊन धडधाकटच ऱ्हातो. धंद्याला बरा.

आणि छत्री! छत्री कशाला लागती? आख्खी पोल्ट्री वर बघत असती, तवा खाली बाबाच्या तोंडाकडं कोण बघतंय? कुत्रं बी न्हाय.

अनुजानं माझ्या शर्टाची बाही धरली. "मामा, मला ऑपरेशन करायचंय. वरनं येणारा बॉल दोन दिसतोय. मी त्यातला कुठला अडवू?"

बाबा दुपारच्या विश्रांतीला गेला. मी बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणल्या, "आज संध्याकाळपर्यंत आणा. उद्या परवावर नका ढकलू. आणि त्या डोळ्यात राख जाता कामा नये, काहीही करा."

काहीही करा. असली परमिशन मला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

मी गाडी काढून बाजारात गेलो. काष्ठौषधीच्या दुकानात काळा बोळ मागितला. म्हाईत असंल तुम्हाला. पोराचं अंगावरचं दूध तोडायला आया लावत्यात, त्यो. आमच्या शेजारणीनं लावलता तवा तिचं पोरगं एकदा तोंड घालून जे थुकाय लागलं, ते आज्जीच्या साडीपासनं देवापुढच्या रांगोळीपत्तोर सगळीकडं थुकलं. जगात त्याच्याएवढं कडू काय न्हाय. आणि त्याचा एक गुण हाय. लगीच थोडं कळतं, आणि मग चढत जातं.

जनरेटरच्या आडोशाला मी डोळा काढला. बोळ पाण्यात कालवला आणि डोळ्याच्या खालच्या कडेला, पापणीमागं झाकलं जातं तितं, हात दिला. वाळवला. परत बसवला. पापणी चुरचुरली, पण म्हणलं भाचीसाठी चुरचुरू दे. नंतर डॉक्टरीणबाईंनी मला ह्यावरनं उभा-आडवा घेतला. तुम्ही करू नका.

मग आक्काजवळ जाऊन बसलो. "आक्का, मी बसतो बाबापुढं. डावा डोळा दावतो."

"तुझा डावा?" आक्का बघाय लागल्या. "त्यो तर..."

"हळू. बाबा अंतर्ज्ञानी हायत न्हवं? वळखतील की."

"हात लावायच्या आधी वळखतील!"

"वळखलं तर अंगारा मी स्वतः अनूच्या डोळ्यात भरतो. न्हाय वळखलं, तर तुम्ही माझ्यासंगं गाडीत बसायचं. आणि एकच करा. बाबा वर बघा म्हणला की वर बघू नका. त्याच्या तोंडाकडं बघा."

"देव कोपंल."

"माझ्यावर कोपू दे. एक डोळा हाय अजून."

आक्का पदर सावरून अगदी पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. मी बाबाच्या माईकचा आवाज पूर्ण वर केला, इको तसाच ठेवला आणि पाटावर जाऊन बसलो. गॉगल काढला.

"अरं, साउंडवाले! तुम्ही बी?" बाबाला आनंद झाला. ताजाच ध्यान करून आलता. स्पीकरमधनं टक, टक.

"स्टँडचा पाइप लागला बाबा. डावा डोळा."

बाबानं डोळ्यात बघितलं. लई खोल बघितलं. माझ्याकडं बघितलं, कपाळाकडं बघितलं, डोळं मिटून डोलला. मी आक्काकडं बघत होतो.

"तीन ठिकाणी फुटलीय खोबण," बाबा म्हणला. "रात्री ठणकतंय?"

"ठणकतंय की."

"डोळ्यापुढं अंधारी येती?"

"ह्या डोळ्यापुढं तर नुसता अंधारच हाय, बाबा."

"अरारारा," गर्दी हळहळली.

"आणखी चार दिस गेलं असतं तर डोळा हातात आला असता!" बाबा म्हणला.

मी म्हणलं, "येतोय की काय असंच वाटतंय."

"वर बघा! छत्रीकडं बघा! सगळ्यांनी!"

शंभर हनुवट्या वर गेल्या. बाबाचं तोंड माझ्यावर वाकलं. मावा, दूध आणि सकाळपासनंच्या सगळ्या डोळ्यांचा वास. डोळ्याला मला काय कळलं न्हाय, पापणीला मात्र कोमट गोगलगाय चढल्यावानी झालं. ती गोगलगाय ह्या टोकापासनं त्या टोकाला गेली, आणि मधीच थबकली.

बाबाची नजर बदलली. पण कलाकार पक्का. "निघा... निघालंऽऽ!" टिंग! इको चार वेळा घुमला.

मी उठलो, दोन बोटं घातली, डोळा काढला आणि वर धरला.

"बाबा, ह्यातनं निघालं?"

एक बाई किंचाळली. पुढचं एक पोरगं टाळ्या पिटाय लागलं. मी डोळा सगळ्यांना फिरवून दाखवला. "प्लास्टिक हाय. मिरजेत बनवलाय. ह्याला हाड न्हाय, खोबण न्हाय, अंधारी न्हाय. आता सांगा, हाड कुठनं आलं?"

मला वाटलं, जिंकलं. आणि मागनं एक गडी ओरडला, "अरं, प्लास्टिकातनं बी हाड काढलं बाबानी! बोला खोबणीबाबा की..."

"जय!"

देवाशपथ सांगतो, त्या जिभेनं आली नव्हती एवढी किळस मला त्या 'जय'नं आली.

पण काळा बोळ कुणाच्या जयजयकाराला थांबत न्हाय. तो चढत होता. बाबाच्या गालाला आतनं थुकी सुटली होती, धबाधबा. थुकावं तर गालात हाडं. गिळावं तर घशात हाडं. बाबा नुसता बसून ऱ्हायला, गाल फुगवून, डोळ्यातनं धारा. शिष्य राजवीर माईकवर म्हणला, "बाबा समाधीत गेलेत!" आणि चार स्पीकरमधनं समाधीचा आवाज घुमाय लागला. टक. गुळुक. टक टक. गुळुक.

"बाबा, चूळ भरा," मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

बाबानं मान हलवली. न्हाय. न्हाय. आणि मग,

"आऽऽक् थूऽऽ!"

इकोसकट. पांढऱ्या धोतरावर, ताटलीवर, माझ्या पायावर. तपकिरी लाळ, दुधाच्या गुठळ्या आणि त्यात पोहणाऱ्या पांढऱ्या किरच्या. एक न्हाय, दोन न्हाय, संध्याकाळपर्यंतचा स्टॉक.

राजवीरनं झटक्यात शाल टाकली. "लोकांचं दुखणं बाबांनी सकाळपासनं अंगावर घेतलंय! तेच बाहेर पडतंय! हात जोडा!"

आणि काही हात जुळाय लागलं. खरं सांगतो, जुळाय लागलं.

आक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. पुढं आल्या, शाल बाजूला केली आणि त्या लाळेतनं एक तुकडा उचलला. दोन बोटात चोळला. उजेडाकडं धरला.

"ही कोंबडीची मान हाय."

"आज्जी, हात लावू नका, पवित्र..."

"गप ए! उभा जन्म माझा पै-पाव्हण्यांना रस्सा वाढण्यात गेला, आन् तू मला मानेचं हाड शिकवतोस? ही मान. ही बरगडी. आन् हे," आक्कानी तिसरा तुकडा त्याच्या नाकापुढं धरला, "हे तर नीट शिजलं बी न्हाय." मग त्या गर्दीकडं वळल्या. "मी वर बघितलं न्हाय. ह्याच्या तोंडाकडं बघत हुते. गालातनं काढलं भाड्यानं, जिभेनं ढकलून!"

पहिल्यांदा हलला त्यो कंडक्टर. त्यो उठला आणि डोळा धरून नळाकडं पळाला. त्याच्या मागं म्हातारी. मग आख्खी पोल्ट्री. नळ एक, डोळं शेकड्यांनी. एकमेकाला ढकलत, शिव्या देत, माणसं डोळं धुवाय लागली. पोलिसांना कुणीतरी फोन केलाच. बाबा तांब्यावर तांबं चूळ भरत बसलता. हातकड्या आल्या तवा बी त्याला पहिलं पायजे हुतं ते गूळ.

आक्का कुणाकडं न बघता गाडीत जाऊन बसल्या. अनूचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी रस्त्याला लागल्यावर म्हणल्या, "दादासो, तुझ्या आईनं पाला पिळलता. मला ठावं हाय. म्या बी तवा कुणाला बोलले न्हाय."

दवाखान्यात प्रियदर्शनी मॅडम तयारच होत्या. मी म्हणलं, मॅडम, आधी आक्कांना समजंल असं सांगा, सही वर्षाची असली तरी गाडी ह्यांच्या परवानगीवर चालती.

"आजी, डोळा ज्या खोबणीत बसतो तिची खालची फरशी पापडाएवढी पातळ असते," मॅडम म्हणल्या. "तिच्याखाली गालाच्या हाडात पोकळ खोली आहे. कोपर बसलं, आत दाब वाढला आणि फरशी खाली फाटली. मोठ्या माणसात तिचे तुकडे होतात, डोळा सुजतो, काळानिळा होतो. मुलांचं हाड लवचिक. ते दारासारखं खाली उघडतं आणि लगेच परत मिटतं. मिटताना डोळा वर फिरू देणारा स्नायू फटीत सापडतो."

"मग सूज का न्हाय?"

"दार मिटलंय ना. बाहेरून सगळं स्वच्छ. तिथंच माणसं फसतात. कधी कधी आम्ही डॉक्टरही फसतो, साध्या एक्स-रेत दिसत नाही. सीटी स्कॅन लागतो."

"आन् ओकारी? घाम?"

"तुमचं बोट दारात सापडलंय आणि कुणी तुमचा हात ओढला, तर? ती वर बघते तेव्हा तो स्नायू ओढला जातो. त्याची नस मेंदूतून थेट हृदयाला आणि पोटाला कळवते. नाडी मंदावते, घाम फुटतो, उलटी होते."

आक्का म्हणल्या, "म्हंजे देवाकडं बघवंना म्हणून न्हवं."

"आजी, तिला पंख्याकडेही बघवत नाहीये."

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. खालच्या पापणीच्या आतल्या बाजूनं छेद घेतला, बाहेर टाक्याची खूण बी न्हाय. फटीत सापडलेला स्नायू अलगद सोडवला. फाटलेल्या फरशीवर कागदाएवढी पातळ चकती बसवली, परत काय आत सरकू नये म्हणून. आणि टेबलावरच डोळा चिमट्यानं धरून वरखाली फिरवून बघितला, कुठं अडकत तर न्हाय. बाबाचं ऐकलं असतं आणि त्यानं खरंच खोबणीची हाडं चाटून काढली असती, तर तो डोळा खालच्या खोलीत उतरला असता, असं मॅडमनी मला नंतर सांगितलं. आणि चाटण्यानं एकाची घाण दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊन किती डोळं आंधळं व्हत्यात, ते बी सांगितलं. ते मी हितं लिहीत न्हाय. तुमचं जेवण व्हायचं असंल.

दुसऱ्या दिवशी पोरगी टुणकन उठली आणि सगळं झकास झालं, असं मी सांगितलं तर माझ्यात आणि बाबात फरक काय ऱ्हायला? तसं झालं न्हाय. वर बघताना तिला काही आठवडं दोन दिसायचं. मॅडमनी डोळ्याचं व्यायाम दिलं. अनू रोज रडत-वैतागत करायची आणि आक्का समोर बोट धरून बसायच्या. "वर बघ. आता खाली. आता माझ्या बोटाकडं." वेळ लागला. दुखलं. मॅडम म्हणल्या की स्नायू वेळेवर सुटला म्हणून निभावलं.

बाबा जामिनावर सुटलाय. मलकापूरकडं कुठंतरी गुडघं चाटतोय म्हणं. जीभ तीच. ज्या डोळ्याला ती लागली तो डोळा मी परत घातला न्हाय, दुसरा बनवून घेतला. जुना काचेच्या बरणीत घालून मिक्सरशेजारी ठेवलाय. कुणी बाबा-महाराज साउंडची ऑर्डर द्यायला आला की मी बरणी पुढं सरकवतो आणि म्हणतो, "आधी ह्याला तपासा." अजून कुणी तपासलं न्हाय. चहा बी न पिता जात्यात.

परवा गल्लीत अनू उभी ऱ्हायली, भिंतीला पाठ लावून. "टाक मामा. उंच." मी टाकला. तारांच्या वर गेला बॉल. आक्का दारात, पदर तोंडात. पोरीनं मान वर केली, दोन्ही डोळं एकदम वर गेलं.

"किती हायत गं?" आक्का ओरडल्या.

"एकच!" असं म्हणत तिनं तो छातीशी धरला.

तर पाव्हणं, ऐका. तुमच्या पोराला डोळ्यावर मार बसला, डोळा पांढराशुभ्र दिसतोय, पण दोन-दोन दिसतंय, वर बघताना दुखतंय, ओकारी येतीय, तर ते बाहेरचं न्हाय. ते आतलं हाय, हाडाच्या फटीतलं, आणि ते सोडवायला डॉक्टर लागतो, त्याच दिवशी. अंगारा नगं, पाला नगं, कुणाची जीभ तर अजिबात नगं. आणि दुसरं, हे डोळ्यापुरतं न्हाय, सगळ्यालाच लागू हाय. कुणी तुम्हाला मोठ्यानं 'वर बघा' म्हणला, की आधी त्याच्या तोंडाकडं बघा.